विश्लेषण : दोनशे रुपयांचा ऑइल फिल्टर इंजिनचा घात कसा करतो? नवा घेताना काय पाहाल?

गाडी सर्व्हिसिंगहून परत आली की मालकाचे लक्ष बिलातील मोठ्या आकड्यांवर जाते. इंजिन ऑइल इतके, ब्रेक पॅड इतके, लेबर इतकी. त्याच बिलात कुठे तरी मधे ‘ऑइल फिल्टर’ अशी एक ओळ असते आणि समोर, छोट्या पेट्रोल गाडीचा असेल तर, शंभर-दोनशे रुपयांच्या घरातील रक्कम. तिच्यावर कोणी हुज्जत घालत नाही. उलट ‘मागच्या वेळी बदलला होता, या वेळी राहू द्या’ असा सल्ला देणारेही भेटतात.

गाडी हायवेला लागली की इंजिनातील सगळे तेल याच डब्यातून मिनिटाला कित्येक वेळा फिरत असते. आणि या डब्याची सर्वांत वाईट खोड अशी, की तो निकामी झाला तरी गाडी थांबत नाही. पंक्चर झालेला टायर कळतो, उतरलेली बॅटरी कळते. आतून फाटलेला फिल्टर कळत नाही. इंजिन नेहमीसारखे चालते, डॅशबोर्डवर दिवा लागत नाही आणि बेअरिंगची झीज मात्र सुरू झालेली असते. इंजिन उतरवायची वेळ येते तेव्हा बिल काही हजारांत थांबत नाही.

मग फिल्टर बिघडतो म्हणजे नेमके काय होते? दुकानात ‘ओरिजिनल’, ‘कंपनीचा’, ‘लोकल’ असे तीन डबे समोर ठेवले तर त्यातला कोणता उचलायचा?

डब्यात असते तरी काय?

बहुतेक पेट्रोल गाड्यांना पत्र्याचा, हाताने फिरवून बसवायचा फिल्टर असतो. त्याच्या तोंडाशी जाड पत्र्याची चकती, मधोमध आटे पाडलेले मोठे भोक, भोवती छोट्या भोकांचे कडे आणि कडेला रबरी गॅस्केट. तेल छोट्या भोकांतून आत शिरते, चुण्या घातलेल्या कागदातून बाहेरून आत गाळले जाते आणि मधल्या भोकातून इंजिनकडे परतते.

हा कागद म्हणजे सेल्युलोज. महागड्या फिल्टरमध्ये काचतंतू किंवा पॉलिएस्टरचे कृत्रिम माध्यम असते, अनेकांत दोन्हींचे मिश्रण. चुण्यांची दोन्ही टोके झाकणांना चिकटवलेली असतात. आत भोकांची एक नळी असते, जेणेकरून तेलाच्या दाबाने कागद चेपू नये. शिवाय एक स्प्रिंग आणि दोन व्हॉल्व्ह. दोनशे रुपयांत हे सगळे मिळते, हेच खरे तर नवल.

अनेक डिझेल गाड्यांत आणि अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत पत्र्याचा डबा नसतो. तिथे इंजिनवरच कायमचे घर असते आणि त्यातील कागदी कार्ट्रिज तेवढे बदलायचे.

गाळायचे काय, तर धातूचा बारीक चुरा, कार्बनचे कण आणि एअर फिल्टर चुकवून आत आलेली धूळ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामधील तेलाचा थर अनेकदा केवळ काही मायक्रॉनचा असतो. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा १०-२० मायक्रॉनचा कणही तिथे सँडपेपरचे काम करतो. डिझेलची काजळी मात्र मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. ती फिल्टरमधून आरपार जाते. म्हणूनच फिल्टर कितीही चांगला असला तरी तेल बदलावेच लागते.

मोटारींना सुरुवातीची कित्येक वर्षे असा फिल्टर नव्हताच. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी ‘प्युरोलेटर’ नावाने तो आणला १९२३ च्या सुमारास. हाताने फिरवून बसवायचा डबा तर १९५० च्या दशकातला.

इंजिन वाचवणारी पळवाट

या सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. पहाटे थंड इंजिन सुरू केले की तेल घट्ट असते. ते कागदातून पटकन जात नाही. तेवढा वेळ बेअरिंग कोरडी राहू नयेत म्हणून हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल कागदाला वळसा घालून थेट इंजिनकडे जाते. न गाळलेले तेल परवडले, पण तेलच नाही हे परवडत नाही, असा हा हिशेब. कागदाच्या दोन बाजूंच्या दाबातील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की व्हॉल्व्ह उघडतो. अनेक गाड्यांत ही मर्यादा १ बारच्या आसपास असते, मॉडेलनुसार ती कमी-जास्त होते.

तेल गरम झाले की व्हॉल्व्ह बंद होतो आणि गाळण सुरू होते, अशी अपेक्षा. पण फिल्टर दोन सर्व्हिसिंग ओढला आणि कागद गाळाने तुंबला, तर तोच व्हॉल्व्ह गरम तेलातही उघडा राहू लागतो. म्हणजे फिल्टर जागेवर आहे, तेल फिरते आहे, दाबही आहे. फक्त गाळले काहीच जात नाही.

इथे डॅशबोर्डवरच्या लाल तेलदिव्याबद्दलचा गैरसमजही दूर करायला हवा. तो दिवा तेलाचा दाब पाहतो, स्वच्छता नाही. तोही साधारण अर्धा बार किंवा त्याहून खाली दाब आल्यावरच लागतो. धावत्या इंजिनचा नेहमीचा दाब याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे तो दिवा सूचना देत नाही, घटना घडल्याचे कळवतो. धावत्या गाडीत तो लागला तर ‘पुढच्या पंपावर बघू’ असे म्हणायचे नाही. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचे.

फिल्टर कसा कसा बिघडतो?

कागद फाटणे हा सर्वांत लपलेला बिघाड. चुणीच्या दुमडीवर किंवा टोकाच्या झाकणाशी कागद सुटतो. चुण्या असमान असतील, काही ठिकाणी दाटीवाटीने तर काही ठिकाणी विरळ, तर दाबाचा भार विरळ भागावर येतो आणि तिथेच चीर पडते. चिकटवणाऱ्या गोंदाची कसूर असेल तर आख्खे झाकण सुटते. दोन्ही वेळा बाहेरचा पत्रा जसाच्या तसा असतो.

मधली नळी चेपणे हा त्याच घराण्यातला दुसरा प्रकार. पातळ पत्र्याची नळी, तुंबलेला कागद आणि नीट न उघडणारा बायपास व्हॉल्व्ह हे तिन्ही एकत्र आले की कागद आत ओढला जाऊन गोळा होतो. त्याचे तुकडे इंजिनच्या तेलमार्गात गेले तर बारीक वाहिन्या बंद होऊ शकतात.

दुसरा व्हॉल्व्ह असतो तो तेल परत जाऊ न देणारा. ज्या गाड्यांत फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसवलेला असतो, तिथे इंजिन बंद झाल्यावर तेल निथळून खाली उतरू नये म्हणून ही रबरी पडदी काम करते. साधे नायट्राइल रबर उष्णतेने कडक होते, सिलिकॉन जास्त टिकते. पडदी कडक झाली की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद इंजिनमधून ‘खडखड’ ऐकू येते. मग आवाज थांबतो आणि मालकही विसरतो. ही खडखड रोज येत असेल तर टॅपेट, टायमिंग चेन यांच्या महागड्या तपासणीआधी फिल्टर बदलून पाहणे स्वस्त पडते. अर्थात चेनचा टेन्शनर ढिला झाला तरी असाच आवाज येतो, त्यामुळे फिल्टर बदलूनही तो राहिला तर विषय तिथेच सोडू नये.

एका बिघाडाचा दोष मात्र फिल्टरवर उगाच येतो. डबा फुगलेला किंवा गॅस्केट बाहेर ढकलले गेलेले दिसले की ‘माल हलका होता’ असे म्हटले जाते. अनेकदा कारण ऑइल पंपाजवळचा, दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह अडकणे हे असते. तो अडकला की दाब अवाच्या सवा वाढतो आणि चांगला डबाही फुगतो. तो व्हॉल्व्ह न तपासता नवा फिल्टर लावला तर तोही फुगणार.

जुने गॅस्केट, नवी आग

फिल्टरचे काही बिघाड कारखान्यात नव्हे, तर सर्व्हिस सेंटरच्या रॅम्पवर जन्म घेतात. याचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. २००३ आणि २००४ मॉडेलच्या होंडा सीआर-व्ही गाड्यांना आगी लागल्याच्या तक्रारी तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे आल्या. यातल्या बऱ्याच गाड्या जवळपास नव्या होत्या आणि त्यांचे पहिलेच ऑइल चेंज नुकते झाले होते.

चौकशीत समोर आलेले कारण साधे होते. जुना फिल्टर काढताना त्याचे रबरी गॅस्केट इंजिनलाच चिकटून राहत होते. मेकॅनिकच्या ते लक्षात आले नाही की त्यावरच नवा फिल्टर बसायचा. एकावर एक दोन गॅस्केट आली की पकड राहत नाही. दाबाने तेल बाहेर येते आणि जवळच्या तापलेल्या एक्झॉस्टवर पडते. होंडाने फिल्टर बसवण्यातील चुकीकडे बोट दाखवले आणि डीलरना काळजी घेण्याच्या सूचना दिल्या.

फिल्टर अस्सल, गाडी नवी आणि चूक दहा सेकंदांची. भारतातल्या गॅरेजमध्येही हेच होऊ शकते. त्यामुळे फिल्टर बदलताना शेजारी उभे राहायला मिळाले तर एकच गोष्ट पाहावी. काढलेल्या जुन्या डब्याला त्याचे गॅस्केट लागून आले आहे का? नसेल, तर ते इंजिनवर आहे.

आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला का?

‘हाच बसतो’ हे वाक्य स्पेअर पार्टच्या दुकानात दिवसातून अनेकदा ऐकू येते. बसणे आणि योग्य असणे यांत मात्र फरक आहे.

मोटारींच्या फिल्टरवर दोन प्रकारचे आटे सर्रास आढळतात. एक एम २० × १.५, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि दोन आट्यांमध्ये दीड मिलिमीटर अंतर. होंडा, ह्युंदाई यांच्या बऱ्याच गाड्यांना हा लागतो. दुसरा पाऊण इंच व्यासाचा, इंचाला १६ आटे असलेला. टोयोटाच्या फिरवून बसवायच्या अनेक फिल्टरना तो असतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर आणि आट्यांमधील अंतर जेमतेम १.५९ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी हे दोन वेगळे ओळखणे कठीण.

गंमत अशी, की पाऊण इंची खुंटावर २० मिलिमीटरचा फिल्टर फिरतो, बसतो आणि घट्ट झाल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची पकड निम्म्याहून कमी असते. दाब वाढला की तो गळू लागतो, प्रसंगी सुटतोही. मोकळ्या हायवेवर फिल्टर सुटला तर काही क्षणांत सगळे तेल रस्त्यावर येते.

आटे बरोबर असले तरी बायपासची मर्यादा वेगळी असू शकते. ती गरजेपेक्षा कमी असेल तर व्हॉल्व्ह ऊठसूट उघडतो, जास्त असेल तर थंड इंजिनला तेल उशिरा मिळते. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये नसून इंजिनच्याच घरात असतो. म्हणून डब्याच्या लांबी-रुंदीवरून किंवा रंगावरून फिल्टर निवडू नये. गाडीच्या माहितीपुस्तिकेतील किंवा जुन्या अस्सल डब्यावरील पार्ट नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. दुसऱ्या कंपनीचा फिल्टर घ्यायचा तर तिच्या कॅटलॉगमध्ये आपली गाडी, इंजिन आणि उत्पादनवर्ष या तिन्हींसमोर तो नंबर आहे का, हे पडताळावे. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचे फिल्टर वेगळे असतात. काही वेळा त्याच गाडीत मध्येच इंजिन बदललेले असते.

शहरातली गाडी लवकर थकते

अनेक कंपन्या पेट्रोल गाड्यांसाठी १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल, अशी मुदत देतात. पण किलोमीटर हे मोजमाप फसवे आहे. ताशी सरासरी ६० किलोमीटर वेगाने हायवेवर १० हजार किलोमीटर कापायला इंजिन सुमारे १६७ तास चालते. हिंजवडीच्या किंवा अंधेरीच्या कोंडीत सरासरी वेग २० वर आला की तेवढ्याच अंतरासाठी ते ५०० तास चालते. ओडोमीटर सारखाच, इंजिनचे कष्ट तिप्पट.

त्यात घर ते स्टेशन असा दोन-तीन किलोमीटरचा प्रवास रोजचा असेल तर इंजिन पुरते तापतच नाही. ज्वलनातून तयार झालेली वाफ तेलात राहते, गाळ धरतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ऑइल भरायच्या झाकणाखाली दिसणारा पांढुरका, दह्यासारखा थर अनेकदा याचाच असतो. असा वापर कंपन्यांच्या पुस्तिकांत ‘कठीण परिस्थिती’ म्हणून नोंदलेला असतो आणि त्यासाठीची मुदत कमी असते. ते पान फारसे कोणी उघडत नाही.

सीएनजीवाल्यांची फसगत वेगळी. सीएनजी स्वच्छ जळतो, त्यामुळे तेल लवकर काळे पडत नाही. डिपस्टिकवर सोनेरी तेल पाहून सर्व्हिसिंग पुढे ढकलली जाते. रंग चांगला दिसला तरी तेल उष्णतेने आतून खराब होतच असते आणि फिल्टरचे रबर, कागद, गोंद यांचे वयही वाढत असते.

कंपनीचा, बाहेरचा की ‘फर्स्ट कॉपी’?

मोटार कंपन्या फिल्टर सहसा स्वतः बनवत नाहीत. ते फिल्टर उत्पादकांकडून घेतात आणि आपल्या खोक्यात विकतात. तोच उत्पादक स्वतःच्या नावानेही बाजारात माल आणतो. त्यामुळे ‘बाहेरच्या कंपनीचा म्हणजे हलका’ हे समीकरण चुकीचे आहे. नामांकित उत्पादकाचा, तुमच्या गाडीसाठी कॅटलॉगमध्ये दिलेला फिल्टर निर्धास्त वापरता येतो.

खोक्यावरचे दावे वाचताना मात्र सावध राहावे. ‘२० मायक्रॉनपर्यंत गाळतो’ याला तसा अर्थ नाही. त्या आकाराचे निम्मे कण अडवले तरी असे लिहिता येते. ‘२० मायक्रॉनचे ९९ टक्के कण अडवतो’ हा दावा ठोस. त्यासोबत आयएसओ ४५४८-१२ या चाचणीचा उल्लेख असेल तर उत्तम. या चाचणीत तेलात धूळ सोडत राहून फिल्टर कोणत्या आकाराचे किती कण अडवतो आणि तुंबेपर्यंत किती धूळ धरतो, हे दोन्ही मोजले जाते. दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा. खूप बारीक गाळणारा पण क्षेत्रफळाने लहान कागद लवकर तुंबतो आणि मग पुन्हा बायपास उघडतो.

साधी पेट्रोल हॅचबॅक, वेळेवर सर्व्हिसिंग, माहितीपुस्तिकेतले तेल अशी गाडी असेल तर कंपनीचा सेल्युलोजचा फिल्टर पुरेसा आहे. जास्त मुदतीचे सिंथेटिक तेल वापरणाऱ्यांनी किंवा टर्बो इंजिनवाल्यांनी कृत्रिम माध्यमाचा विचार करावा. पण तेलाच्या डब्यावर काही लिहिले आहे म्हणून फिल्टर दुप्पट काळ चालवू नये.

खरा धोका आहे तो बनावट मालाचा. दिल्लीचे काश्मिरी गेट, पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड या बाजारांत पिढ्यानपिढ्या सचोटीने धंदा करणारे व्यापारी आहेत. मात्र नामांकित कंपन्यांच्या खोक्यांत भलताच माल विकला जात असल्याच्या आणि त्यावर छापे पडल्याच्या बातम्याही देशभरातून अधूनमधून येत असतात. ऑइल फिल्टर नकली बनवणाऱ्यांना सोयीचा असतो. सतत खपणारा, स्वस्त आणि बंद डबा. आत काय आहे ते ग्राहकाला दिसतच नाही.

दुकानात काय पाहता येते? खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क असणे पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. खोक्यावरचा आणि डब्यावर छापलेला पार्ट नंबर एकच हवा. क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करून उघडणारे पान कंपनीच्याच संकेतस्थळाचे आहे का, ते पाहावे. नुसता कोड उघडला म्हणजे माल अस्सल, असे नाही.

मग डबा हातात घ्यावा. आटे स्वच्छ, कीस नसलेले हवेत. गॅस्केट खाचेत घट्ट आणि मऊ हवे, नख दाबल्यास परत वर येणारे. छोट्या भोकांतून डोकावले की आत रबरी पडदी दिसली पाहिजे, अर्थात त्या मॉडेलला ती असेल तर. मधल्या भोकातून मोबाइलचा टॉर्च मारल्यास नळी सरळ आणि भोके नीट दिसतात. जुना अस्सल फिल्टर निथळून सोबत नेला तर तुलना सोपी जाते. नवा डबा हलवल्यावर आत काही खुळखुळले तर तो तिथेच परत करावा.

एमआरपीच्या निम्म्या किमतीत, बिलाशिवाय मिळणाऱ्या ‘ओरिजिनल’ मालाविषयी वेगळे सांगायला नको. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण, हे उत्पादनाच्या नावापेक्षा महत्त्वाचे.

बाहेरचा फिल्टर लावला तर वॉरंटी जाते का?

या भीतीपोटी अनेक जण प्रश्नच विचारत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या बाजारातील वर्तनाबद्दल एकत्रितपणे २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे हा त्यातील मुख्य मुद्दा. त्याच आदेशात, गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट लादू नये, असेही बजावले होते. पुढे या आदेशाविरुद्ध अपिले झाली.

व्यवहारात याचा अर्थ असा, की बाहेरच्या फिल्टरमुळेच इंजिन बिघडले असे दिसले तर कंपनी त्या दुरुस्तीची जबाबदारी नाकारू शकते. म्हणून वॉरंटीच्या काळात अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला फिल्टर लावणे सोयीचे. वाचणारे पन्नास रुपये त्या वादाच्या मोलाचे नाहीत.

बसवताना दहा मिनिटे

इंजिनवरची बसण्याची जागा फडक्याने पुसून जुने गॅस्केट राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. नव्या गॅस्केटला ताज्या तेलाचे बोट लावावे. कोरडे बसवले की ते पिळवटते. फिल्टर हाताने फिरवावा. गॅस्केट टेकल्यानंतर अनेक डब्यांसाठी पाऊण ते एक फेरा पुरतो, नेमके प्रमाण डब्यावर छापलेले असते. पाना लागतो तो जुना काढायला. नवा पान्याने आवळणारा मेकॅनिक मेहनती वाटतो खरा, पण त्याने गॅस्केट चेपते आणि पुढच्या वेळी डबा निघता निघत नाही.

कार्ट्रिज प्रकारात झाकणाची रबरी रिंग दर वेळी नवीच लावायची. ती किटमध्ये येते, स्वस्त किटमधून ती गायब असते. झाकण प्लास्टिकचे असेल तर टॉर्क पाना हवाच. अनेक झाकणांवर २५ न्यूटन-मीटर असा आकडा लिहिलेला आढळतो. जास्त आवळले की तडा जातो.

नंतर इंजिन सुरू करून मिनिटभर नुसते चालू ठेवावे, रेस करू नये. खाली वाकून गळती पाहावी. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक तपासावी, कारण नवा फिल्टर थोडे तेल पिऊन घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या फरशीवर एक नजर टाकावी.

संशय आला तर डबा फेकू नका

फिल्टरमुळे इंजिनचे नुकसान झाल्याचा संशय असेल तर जुना फिल्टर हाच पुरावा असतो. अनेक जण तो गॅरेजमध्येच सोडून येतात आणि दुसऱ्या दिवशी तो भंगारात गेलेला असतो. तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. निथळलेल्या तेलातले थोडे स्वच्छ बाटलीत घ्यावे. खोके, बिल आणि पार्ट नंबरचे फोटो जपावेत. डबा कापून पाहायचा तर हॅक्सॉ वापरू नये, तिचा लोखंडी कीस आत पडून तपासणीचा विचका होतो. त्यासाठी डबा उघडणारे कटर मिळते. कागद पसरून त्यावर लोहचुंबक फिरवले की लोखंडी कण चिकटतात. न चिकटणारी चमक असेल तर ती ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगच्या धातूची असू शकते.

बनावट ट्रेडमार्क लावणे किंवा असा माल विकणे यासाठी ट्रेडमार्क कायदा, १९९९ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही बनावट वस्तूंच्या विक्रीसाठी स्वतंत्र शिक्षा आहे. ग्राहकाला पहिली तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीसाठी शुल्क नाही.